एकखांबी कार्यालय

नोकरी सोडणाऱ्या माणसाला सगळे एकच विचारतात, ‘आता पोटापाण्याचं काय?’ पोटाची काळजी करायचं कारण नाही. भूक लागली की ते स्वतःहून कळवतं. खरं विचारायला हवं ते हे, की ‘आता तुला ओरडणार कोण?’

पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत मी बरीच वर्षं चित्रं काढली, पाकिटं सजवली, फलक रंगवले. तिथं माझ्या डोक्यावर तीन साहेब होते आणि ते आळीपाळीनं ओरडत. काम वेळेवर होई. मग बायकोला सांगलीतल्या एका शाळेत कायम नोकरी लागली, मलाही बरेच दिवस ‘स्वतःचं काहीतरी’ करण्याची हौस होती, आणि आम्ही बिऱ्हाड उचलून विश्रामबागेत आईअप्पांकडे आलो. मागच्या खोलीत टेबल मांडलं, खिडकीत मनीप्लँट ठेवला, व्हिजिटिंग कार्डं छापली. तिन्ही साहेब मात्र पुण्यातच राहिले.

कोणी न ओरडता माणसानं काम कसं करावं, या विषयावर इंग्रजीत भलंमोठं वाङ्मय आहे. ते मी वाचायला घेतलं. कामाच्या वेळात.

त्यात पॉल ग्रॅहॅम नावाच्या, नव्या कंपन्यांना भांडवल पुरवणाऱ्या गृहस्थांनी २००९ साली लिहिलेला एक निबंध हाती लागला. व्यवस्थापकाचा दिवस तासातासांत कापलेला असतो, आणि चित्रं काढणाऱ्या किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला मात्र सलग अर्धा दिवस लागतो. त्याच्या दुपारच्या मधोमध एक बैठक ठेवली की अलीकडचा तुकडाही वाया जातो आणि पलीकडचाही. वाचून मला भरून आलं. पण मग माझ्या लक्षात आलं की माझ्या कंपनीत व्यवस्थापकही मीच आणि चित्रकारही मीच. दोघांना एकाच खुर्चीवर बसायचं होतं. व्यवस्थापकाला वेगळं काढल्याशिवाय चित्रकाराला शिस्त लागणार नाही, असं मी ठरवलं आणि ते जेवताना बोलून बसलो.

आमचे अप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी त्यांचा हार, श्रीफळ आणि शरीर घरी आलं. बाकीचे अप्पा अजून आवक-जावक नोंदवहीपाशीच आहेत. त्यांनी घास खाली ठेवला.

‘‘तुझी आस्थापना किती?’’

‘‘मी एकटाच आहे, अप्पा.’’

‘‘ते झालं भरलेलं पद. मंजूर पदं किती? रिक्त किती?’’

त्या रात्री आम्ही आकृतिबंध तयार केला. साहेब, चित्रकार, लेखा लिपिक आणि शिपाई अशी चार पदं मंजूर झाली. चारही माझ्याकडे आली. पैकी तीन अतिरिक्त कार्यभार म्हणून. अतिरिक्त कार्यभाराचा भत्ता मिळेल का, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, ‘‘प्रस्ताव पाठव.’’

दुसऱ्या दिवशी मारुती रोडवरून हजेरीपट आला. निळ्या कापडी पुठ्ठ्याचा, आडव्या रेघांचा, पन्नासेक माणसांची हजेरी सहज मावेल असा. पहिल्या ओळीत माझं नाव, बाकी पान कोरं. दहाला सही करायची, दहा वाजून दहा मिनिटांनी लेटमार्क, तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापायची. व्यवस्था चोख होती. अडचण एवढीच आली की ज्या दिवशी चित्रकार उशिरा यायचा त्या दिवशी साहेबही नेमका तेवढाच उशिरा यायचा, त्यामुळं लेटमार्क मारायला जागेवर कोणी नसायचं.

किरकोळ रजा सरकारी नियमानं वर्षाला आठ. त्या उन्हाळ्याच्या आतच संपल्या. मग भारताचा सामना होता त्या दिवशी चित्रकारानं रीतसर अर्ज केला, ‘घरगुती कामानिमित्त’. साहेबानं त्यावर ‘कामाचा व्याप पाहता मंजूर करता येत नाही’ असा शेरा मारला. शेरा मारताना मला सत्तेची जी चव लागली, ती पुण्यातल्या तिघांना रोज का लागत असेल ते कळलं. चित्रकारानं त्यावर काळी फीत लावून काम केलं, आणि दुपारनंतर तर कुंचलाबंद आंदोलनच पुकारलं. आंदोलन दिवाणखान्यात टीव्हीसमोर झालं. साहेब मध्यस्थीसाठी म्हणून तिथं गेला आणि शेवटच्या षटकापर्यंत बसला.

बायको शाळेतून आली. तिनं माझ्या दंडावरची काळी फीत पाहिली आणि क्षणभर ती घाबरली.

‘‘अहो, कोण गेलं?’’

कोणी गेलं नाही, हे औद्योगिक संबंध आहेत, असं मी तिला समजावलं. ती हातपाय धुवायला निघून गेली.

शिस्तीच्या पुढच्या पायरीसाठी मी इटलीकडं वळलो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. त्यानं स्वैपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं, त्याला पिळा दिला आणि ते वाजेपर्यंत अभ्यास करायचा पण केला. त्यातून जगभर गाजलेली पद्धत निघाली: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. नियम कडक. पंचवीस मिनिटांचे तुकडे करायचे नाहीत, आणि घंटा वाजली की हातातलं काम तिथंच ठेवायचं.

टोमॅटोचं घड्याळ सांगलीत मिळालं नाही. कोंबडीचं मिळालं. त्याची टिकटिक आमच्या शेजारच्यांपर्यंत ऐकू जायची. पण मी ते निष्ठेनं टेबलावर ठेवलं आणि एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करायला घेतलं.

दिवाळी अंकाचं काम दिवाळीत नसतं. ते असतं आषाढ-श्रावणात, म्हणजे चित्रात पणत्या आणि खिडकीबाहेर धो धो पाऊस. मला कृष्णेच्या घाटावर दिवा सोडणारी बाई काढायची होती, आणि वर संध्याकाळचं आकाश, केशरीतून जांभळ्यात उतरत जाणारं. जलरंगात असं आकाश काढायचं म्हणजे जाड कागद पाण्यानं ओला करून पाटावर चिकटवायचा, पाट जरासा कलता ठेवायचा, आणि रंगाचा भरलेला थेंब कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खाली खाली ओढत न्यायचा. मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर त्या जागी रंगाची धार वाळते, आणि वाळलेली धार नंतर ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. हे मला चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

मी निम्म्या आकाशात असताना कोंबडी वाजली.

चित्रकार म्हणाला, दोन मिनिटं दे. साहेब म्हणाला, पद्धत म्हणजे पद्धत. मी कुंचला ठेवला, अंगणात गेलो, पाच मिनिटं दीर्घ श्वास घेतले. खोलीत पंखा फिरत होता. परत आलो तेव्हा आकाशाच्या मधोमध एक ठसठशीत आडवी रेघ वाळून बसली होती, आयर्विन पुलाच्या खांबावर पुराच्या पाण्याची खूण राहावी तशी.

पुढच्या फेरीत याच्या नेमकं उलट झालं. आता खालचं पाणी रंगवायचं तर वरचा थर पूर्ण वाळायला हवा. पंखा लावूनही तो वाळेना. श्रावणातल्या सांगलीत टॉवेल वाळत नाही तिथं कागदाची काय कथा. पण विश्रांतीची पाच मिनिटं संपली होती आणि कोंबडी टिकटिकत होती, म्हणून मी तसाच रंग चढवला. घाट नदीत विरघळला. बाई कमरेपर्यंत शिल्लक राहिली. सिरिलो अभ्यास करत होता. त्याला काही वाळवायचं नव्हतं, हा मुद्दा मला उशिरा सुचला.

संपादकांना चित्र पाठवलं तेव्हा मी फोन बंद करून ठेवावा का याचा विचार करत होतो. त्यांचाच आधी फोन आला.

‘‘अहो, ते आकाशात दुसरं क्षितिज काढलंय, ते फार सूचक आहे. आणि बाई नदीत विरून जातेय! यंदा आपल्या अंकात स्त्रीवादावर परिसंवाद आहेच.’’

मी म्हणालो, ‘‘तुमच्या लक्षात येईल असं वाटलंच होतं.’’

मानधनाचं त्यांनी ‘अंक निघाला की बघू’ असं सांगितलं. अंक निघाला. बघण्याचं काम चालू आहे. कोंबडी मात्र काही दिवसांनी टेबलावरून नाहीशी झाली. ती आईनं नेली होती. इडल्यांना बारा मिनिटांचाच पिळा पुरतो, असं ती म्हणाली.

यानंतर थोडे दिवस अँथनी ट्रोलप यांचे गेले. हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होते. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे. उठवून कॉफी आणून देण्यासाठी म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मोजायचे. अशा रीतीनं त्यांनी एकूण ४७ कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या बऱ्याच नोकरी सांभाळून. मी हे सांगितलं तेव्हा अप्पांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. मग त्यांना शंका आली.

‘‘खात्याची पूर्वपरवानगी घेतली होती का त्यानं?’’

पाच पौंडांची सोय नसल्यानं उठवण्याचं काम अप्पांनी विनावेतन स्वीकारलं. ते एरवीही चारला उठतात आणि कोणी सोबत नसल्याचं त्यांना वाईट वाटतं. पहाटे मी टेबलाशी बसायचो, एवढं खरं. सकाळी शाळेत जाताना बायको खोलीत डोकावायची तेव्हा माझा गाल चित्राला टेकलेला असायचा. एका लग्नपत्रिकेच्या कच्च्या आराखड्यावर माझ्या कानाचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता की वधूपित्याला तो शंख वाटला. तो तसाच छापला गेला.

आता बेदाण्याच्या शेठजींकडं येतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं.

सांगली-तासगावचा बेदाणा काय आहे ते मी सांगायला नको. २०१६ पासून त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तर या शेठजींना अर्धा किलोच्या पाकिटासाठी लेबल हवं होतं. मी चार दिवसांत देतो म्हणालो. असे अंदाज का चुकतात याचा अभ्यास डॅनिएल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच करून ठेवला आहे. खुद्द कानमन इस्रायलमध्ये काही मंडळींबरोबर शाळेसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होते. साधारण दोन वर्षांत होईल असा सगळ्यांचा अंदाज निघाला, लागली आठ. आणि पुस्तकाचा विषय होता, निर्णय कसे घ्यावेत. हे वाचल्यावर मला माझ्या चार दिवसांबद्दल जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं मी बराच काळ टिकवलं.

खाद्यपदार्थाचं लेबल म्हणजे चित्र काढायला उरलेली जागा. आधी शाकाहाराचा हिरवा ठिपका चौकोनात बसवा, मग एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, पॅकिंगची तारीख, पोषणमूल्यांचा तक्ता, पत्ता. एवढं झाल्यावर एका कोपऱ्यात द्राक्षाचा घड मावतो. शेठजींना त्या कोपऱ्यात घड, मळा, आजोबांचा फोटो आणि गणपती हवा होता.

‘‘पाव्हणं, झकास झालंय. तेवढं द्राक्ष जरा मोठं करा की.’’

द्राक्ष मोठं केलं.

‘‘आता आजोबा बारीक दिसाय लागले ओ.’’

आजोबा मोठे केले. मग गणपती आजोबांपेक्षा लहान बरा दिसत नाही, म्हणून तो वाढला. मग किंमत दिसेना. प्रत्येक नमुना पाठवताना अप्पा त्याला जावक क्रमांक घालत आणि त्यांच्या नोंदवहीत उतरवत. मी मनातल्या मनात हसत असे. शेवटी शेठजींचा फोन आला, ‘‘ते पयलंच बरं हुतं बघा.’’ तेव्हा पहिलं नेमकं कुठलं हे साऱ्या घरात एकट्या अप्पांना सांगता आलं. जावक क्रमांक, दिनांक, वेळ, सगळं. त्या दिवशी त्यांनी जेवणात दोनदा आमटी मागून घेतली.

फोनचा मारा वाढला तसं मी कामांची वर्गवारी करायला घेतली. भिंतीवर मोठा चौकोन आखून त्याची चार घरं केली: तातडीचं नि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही. या चौकोनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव आहे. १९५४ सालच्या एका भाषणात त्यांनी तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला, तोही एका माजी महाविद्यालय प्रमुखांचं म्हणणं म्हणून. चार घरं लोकप्रिय केली ती पुढं स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकानं. अप्पांनी भिंतीकडं बघून मान हलवली.

‘‘आमच्याकडं ‘तातडीचे’ शेरा असलेली फाईल सगळ्यात खाली असायची. त्यावर ‘अतितातडीचे’. वर काहीच शेरा नसलेली. ती साहेबांच्या मेव्हण्याची.’’

माझं पहिलं घर भरून चिठ्ठ्या दाराच्या चौकटीपर्यंत गेल्या. शेठजींचं सगळं तातडीचं होतं. लग्नपत्रिका तातडीच्या, कारण मुहूर्त काही माझ्यासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या घरात, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तिथं एकच पिवळी चिठ्ठी होती: ‘शेठजींना बिलाची आठवण करणे’. ती गणपतीत लावली. दिवाळीला भिंतीवरची जळमटं काढताना बायकोनं ती काढून पुन्हा जागेवर चिकटवली. संक्रांतीला तिचा रंग उडाला.

बिलाची आठवण मी केली नाही असं नाही. फोन करायचो. पण आपल्याकडं पैशांचा विषय सरळ काढणं हे घरंदाजपणाचं लक्षण मानत नाहीत. मी आधी पावसाचं विचारायचो. मग द्राक्षबागेवर दावण्या रोग आलाय का ते. मग त्यांच्या मुलाची बारावी. मग शेठजीच म्हणायचे, ‘‘आणि काय विशेष?’’ मी म्हणायचो, ‘‘काही नाही, सहजच.’’ फारच धीर केला तर, ‘‘ते आपलं ते... जरा बघा.’’ त्यावर ते प्रेमानं म्हणायचे, ‘‘या की ओ एकदा च्याला.’’ मी जायचो. चहा उत्तम असायचा. निघताना हातात अर्धा किलो बेदाण्याचं पाकीट यायचं, माझंच लेबल लावलेलं.

घरात बेदाणा साठत गेला. शिऱ्यात बेदाणा, खिरीत बेदाणा, पुलावात बेदाणा. एकदा आईनं भडंगातही घालून पाहिला आणि अप्पांनी त्याविरुद्ध लेखी हरकत नोंदवली. कन्येनं डब्यात बेदाणा असेल तर शाळेत जाणार नाही असं जाहीर केलं. महिनाअखेरीला बायको विजेचं बिल हातात घेऊन आली.

‘‘अहो, महावितरण बेदाण्यांत घेतं का, विचारा ना जरा तुमच्या साहेबांना.’’

साहेबानं तातडीनं आढावा बैठक बोलावली. मुखपृष्ठाच्या विलंबाबाबत चित्रकाराला आधीच एक कारणे दाखवा नोटीस गेली होती. तिला त्यानं ‘सविनय सादर की’ असं सुरू करून तीन पानी खुलासा दिला होता, ज्यात सगळा दोष कोंबडीवर होता. आता लेखा लिपिकालाही नोटीस काढायची ठरली. अप्पांनी शिक्षा सुचवली, एक वार्षिक वेतनवाढ रोखणे. मी म्हटलं, ‘‘अप्पा, वाढ रोखायला आधी वेतन लागतं.’’ ते बराच वेळ विचारात पडले. चाळीस वर्षांच्या सेवेत अशी अडचण त्यांच्यासमोर आली नव्हती.

त्याच सुमारास सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांचा लेख पुन्हा वाचनात आला. १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये आलेला. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचे आकडे फारसं कोणी वाचत नाही. ब्रिटिश आरमाराकडं १९१४ साली ६२ मोठ्या युद्धनौका होत्या. १९२८ साली त्या २० उरल्या. त्याच काळात आरमाराच्या मुख्य कचेरीतले अधिकारी २,००० होते ते ३,५६९ झाले. बोटी कमी, त्यांची व्यवस्था पाहणारे जास्त. मी मान वर करून खोलीभर पाहिलं. हजेरीपट, आवक नोंदवही, जावक नोंदवही, चार घरांची भिंत, रजेच्या अर्जांची फाईल, गोपनीय अहवाल (त्यात साहेबानं मला ‘सरासरी’ असा शेरा दिला होता). टेबलाच्या एका कोपऱ्यात एक अर्धवट लग्नपत्रिका होती. माझ्या आरमारात तेवढीच बोट शिल्लक होती आणि तिलाही कानाचा ठसा होता.

मार्च अर्धा सरला आणि एका सकाळी शेठजींचा आपणहून फोन आला. सकाळी दहाला. हजेरीपटावर सही करायच्याही आधी.

‘‘पाव्हणं, तुमचा उद्यमचा नंबर हाय का ओ?’’

माझ्याकडं होता. म्हणजे अप्पांकडं होता. व्यवसाय सुरू केला त्याच आठवड्यात त्यांनी माझं आधार आणि पॅन घेऊन उद्यम नोंदणी करून ठेवली होती. ती ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. कशासाठी, असं मी तेव्हा विचारलं होतं. ‘‘कागद असावा,’’ एवढंच ते म्हणाले होते. घरात असावेत अशा कागदांत त्यांच्याकडं १९८७ सालचा रॉकेलचा परवानाही आहे.

नंबर कळवला आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत माझ्या खात्यात लेबलाची रक्कम जमा झाली. दहा टक्के टीडीएस कापून, पण बाकी पूर्ण. मी तसाच उठलो, भिंतीवरची रंग उडालेली चिठ्ठी काढली, आणि शाळेतून आलेल्या बायकोला दारातच गाठून सांगितलं की पद्धत लागू पडली. चार घरं, हजेरी, नोटिसा, सगळ्याचं एकत्रित फळ. ती चप्पल काढता काढता ऐकत राहिली.

‘‘शेठजींना विचारलंत का, आत्ताच कसे दिले?’’

विचारलं. ते मोकळे माणूस आहेत.

‘‘आमचं सीए म्हणालं, तुमचं एकतीस मार्चच्या आत द्या, न्हाईतर यंदाच्या खर्चात धरत न्हाईत. नवा कायदा आलाय म्हणं.’’

कायदा तितका नवाही नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांबद्दलचा २००६ चा अधिनियम सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं, आणि ती मुदत लेखी करारानंसुद्धा ४५ दिवसांपलीकडं नेता येत नाही. करारच नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढीनं व्याज. हे अठरा वर्षं कागदावर होतं आणि कागदावर मजेत होतं. मग एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या कायद्यात कलम ४३बी मध्ये एक पोटकलम लागू झालं: मुदत उलटलेलं असं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकतं कराल, त्याच वर्षी तो खर्च धरला जाईल. म्हणजे माझे पैसे अडवले तर शेठजींना स्वतःच्या खिशातून जादा कर भरावा लागणार होता. चित्रकार नावाचा प्राणीही ‘सूक्ष्म उद्योग’ असतो हे मला यातून कळलं. सूक्ष्म, याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती.

सांगलीकराला ४५ हा आकडा वेगळा शिकवावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. त्यापुढं आम्ही वाट बघत नाही, सामान वर हलवतो. अप्पांनी बँकेचा संदेश माझ्याकडून वाचून घेतला, आवक नोंदवहीत रीतसर क्रमांक घालून उतरवला आणि वही मिटली. कुठल्याही इटालियन, अमेरिकन वा इंग्रज गृहस्थाचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांची सवयच नाही तशी.

माझं कार्यालय अजून चालू आहे, पण आकृतिबंधात सुधारणा झाली. साहेबाचं पद व्यपगत केलं. त्याच्या जागी बायको आली, आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, मानद. तिनं पहिल्याच रविवारी दरपत्रकाच्या तळाशी तीन ओळी वाढवल्या: निम्मी रक्कम आगाऊ, दोन फेऱ्यांपर्यंत बदल मोफत, आणि उद्यम क्रमांक. ‘सहज’ फोन करायला मला मनाई आहे. फोन तीच करते आणि पावसाचं विचारत नाही. शेठजींनी यंदाच्या नव्या पाकिटाची निम्मी रक्कम आगाऊ दिली. वर म्हणाले, ‘‘वहिनींचा आवाज लई स्पष्ट हाय.’’ कोऱ्या हजेरीपटावर कन्या तिच्या बाहुल्यांची हजेरी घेते. त्यांतली एक कायम गैरहजर असते. तिला नोटीस गेलेली आहे.

तर वाचकांपैकी जे कोणी शेठ असतील, संपादक असतील, मुलीचं लग्न पार पाडलेले वधूपिते असतील, त्यांना एक विनंती. टेबलाचा खण एकदा उघडून बघा. कुठल्यातरी चित्रकाराचं, छायाचित्रकाराचं, मजकूर लिहिणाऱ्याचं बिल तिथं असण्याची दाट शक्यता आहे. त्याचा फोन येऊन गेला असेल आणि तो पावसाबद्दल बोलला असेल. त्याला चहाला बोलावू नका. बेदाणाही नको. बँकेचा खाते क्रमांक बिलाच्या तळाशी, डाव्या हाताला लिहिलेला असतो.